गोड्या पाण्याची बादली : पाणबुड्याच्या साधनांच्या निगेचा इतिहास

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी, तिला मिळणारी सिंदफणा, दक्षिणेकडची मांजरा आणि त्यांच्यावर बांधलेली धरणे, हेच येथले मोठे पाणी. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या एका डॉक्टरांच्या शोधासाठी कोल्हापूरहून बचावपथक आले, आणि त्या पथकातील एक जवान पाण्यातून जिवंत परतला नाही. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा हा या धाग्याचा विषय नव्हे. परंतु पाणबुड्या आणि त्याची साधने हा केवळ कोकणकिनाऱ्याचा विषय आहे, असा समज त्या घटनेनंतर बाळगता येत नाही.

पाणबुड्यांचा इतिहास सहसा खाली जाण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोण किती खोल गेला, कोणते शिरस्त्राण घालून गेला, तळाशी त्याला काय सापडले. वर आल्यानंतर त्या ओल्या पोशाखाचे, नळ्यांचे, झडपांचे काय होते, ते कोण धुतो, कोणत्या पाण्याने धुतो आणि कोठे वाळत घालतो, हा भाग ग्रंथांत सहसा येत नाही. वस्तुतः पुढच्या खेपेला तीच साधने घेऊन उतरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याच भागाला सर्वाधिक महत्त्व आहे. हा धागा त्या दुर्लक्षित भागाविषयी.

आरंभ बीडमधूनच करता येतो. वारंवार पाण्यात उतरणारे आणि म्हणूनच वारंवार निगा मागणारे मराठवाड्यातील जुने साधन म्हणजे मोट. कातड्याची मोट, तिच्या तोंडाला जोडलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेला सोंदूर, वर चाक, बैलांच्या येण्याजाण्याची धाव आणि पाणी ओतले जाते ते थारोळे, असा हा सारा संच होता. त्यातला सर्वांत नाजूक भाग कातडे. ते सतत ओले राहिले तर कुजते, आणि ओले असताना उन्हात टाकले तर आखडून तडकते. यावर उपाय एकच, वेळेवर तेल पाजणे आणि उसवलेली शिवण वेळेवर सांधणे. ‘तेल पाजणे’ हा शब्दप्रयोगच पाहावा. कातडे जणू तहानलेले आहे, हे मराठीने फार पूर्वी ओळखले होते. मोट सांधणारा चर्मकार गावगाड्याच्या बलुतेदारीत होता. शेतकऱ्याचे पीक त्याच्या टाक्यावर उभे असे, आणि त्याला मिळणारा मान मात्र त्या मानाने नगण्य होता.

बीड शहराजवळची खजाना विहीर या बाबतीत अपवाद ठरते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या विहिरीतून भूमिगत नहरांनी पाणी आपोआप वाहत जाते. तेथे मोट नको, नाडा नको, तेलही नको. पाण्यात साधन उतरवावे लागले नाही तर साधनाची निगाही राखावी लागत नाही. बाकी सर्व विहिरींवर मात्र विजेचे पंप आणि डिझेल इंजिने येईपर्यंत कातड्याची किंवा पुढे पत्र्याची मोटच चालली.

ही कातड्याची गोष्ट येथे उगाच सांगितलेली नाही. आधुनिक पाणबुड्याच्या पहिल्या यंत्रणेतही कातडे होतेच. १८२३ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन याने धुराने भरलेल्या जागेत शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. आगीसाठी केलेले हे साधन त्याने व त्याचा भाऊ जॉन याने पुढे पाण्यासाठी वापरले. लंडनमधील जर्मन कारागीर ऑगस्ट सीबे याने १८३०च्या दशकात ते शिरस्त्राण अंगभर बंद पोशाखाला घट्ट जोडून दिले. वरच्या होडीतून हातपंपाने हवा खाली सोडली जाई, आणि त्या पंपाच्या दट्ट्यांवर कातड्याच्या चकत्या असत. त्या कोरड्या पडल्या की हवा गळे. तेल पाजण्याचे काम मोटेच्या चर्मकाराप्रमाणे तेथेही कोणाला तरी करावेच लागे.

या पोशाखाची खरी परीक्षा झाली ती स्पिटहेड येथे. १७८२ मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल चार्ल्स पॅस्ली याने १८३९ मध्ये हाती घेतले आणि ते १८४३ पर्यंत चालले. निरनिराळ्या बनावटीचे पोशाख तेथे दररोज समुद्रात उतरत होते. सीबेचा पोशाख सरस ठरला. तो अधिक खोल जाऊ शकत होता हे त्याचे मुख्य कारण नव्हे. रोजच्या वापरात तो अधिक टिकला, म्हणून तो निवडला गेला. एका दिवसाच्या प्रात्यक्षिकात कोणतेही यंत्र चालते. रोज खाऱ्या पाण्यात भिजून, रोज वाळून, चौथ्या महिन्यातही जे चालते तेच इतिहासात टिकते.

खारे पाणी नेमके काय करते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. हे क्षार हवेतील दमटपणा पुन्हा ओढून घेतात, त्यामुळे न धुतलेला पोशाख दोरीवर चार दिवस टांगला तरी खऱ्या अर्थाने वाळत नाही. धातूवर हाच ओलसर थर गंज चढवतो. तांबे-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, तो अनुभव ज्या घरात आहे त्या घराला तांब्याचे शिरस्त्राण समुद्रात काय भोगत असेल याची कल्पना करता येईल. सीबेच्या कारखान्यातील शिरस्त्राणांच्या तांब्यावर कथिलाचा पातळ थर दिलेला असे. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचे तर त्यांना कल्हई केलेली असे!

कापडाच्या दोन थरांमध्ये रबर भरलेला तो जड पोशाख गोड्या पाण्याने धुवायचा, शक्य तितका उलटा करून आतला घाम काढायचा, आणि घडी न घालता टांगून वाळवायचा, अशी शिस्त आरमारी पाणबुड्यांच्या कामात रुळली. हे काम स्वतः पाणबुड्या सहसा करीत नसे. त्याला पोशाख चढवणारा, दोरी धरणारा, पंप फिरवणारा असे मदतनीस असत. त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली. मोट सांधणाऱ्याचेही नाव कोणत्या दप्तरात शोधावे?

विसाव्या शतकात वरच्या होडीशी बांधणारी नळी तुटली. फ्रेंच आरमारी अधिकारी झाक कुस्तो आणि ‘एअर लिक्विड’ कंपनीतील अभियंता एमिल गान्याँ यांनी पाठीवरच्या नळकांड्यातील हवा श्वासागणिक पुरवणारी झडप तयार केली. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून मोटारी इतर वायूंवर चालवण्यासाठी गान्याँने एक झडप बनवली होती. तीच कल्पना येथे कामी आली. तिची पहिली चाचणी जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीत झाली, म्हणजे गोड्या पाण्यात. तेथे एक दोष सापडला. माणूस उभा असला की हवा वाया जाई, उलटा झाला की ती ओढताना जड जाई. उच्छ्वास बाहेर पडण्याची वाट झडपेजवळच आणल्यावर तो दूर झाला, आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात हे यंत्र भूमध्य समुद्रात उतरले. आज आपण ज्याला स्कूबा म्हणतो, त्याच्या प्रसाराचा आरंभ येथून होतो. त्याच्याही अगोदर, १९३०च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले होते. १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश वंशाच्या अमेरिकी यंत्रज्ञाला ओ-रिंगचे, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या रबरी कड्याचे, पेटंट मिळाले. १९५२च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीनचा अंगलट वेटसूट सुचवला. पाणबुड्याचा आजचा संच या साऱ्यांतून जुळून आला.

या संचामुळे पाणबुड्या मदतनीसापासून स्वतंत्र झाला. त्याचबरोबर धुण्याचे काम त्याच्या स्वतःच्या गळ्यात पडले, ही त्या स्वातंत्र्याची किंमत क्वचितच सांगितली जाते.

आणि हे धुणे पूर्वीपेक्षा नाजूक झाले. जुन्या शिरस्त्राणात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. आजच्या रेग्युलेटरमध्ये सुमारे २०० पट वातावरणीय दाबाची हवा दोन टप्प्यांत श्वास घेण्याजोगी होते. नळकांड्यावर बसणारा तो पहिला टप्पा आणि तोंडात धरायचा तो दुसरा. पहिल्या टप्प्याच्या आत एखादा थेंब खारे पाणी शिरले आणि तेथे वाळले, तर क्षाराचे स्फटिक नेमके झडपेच्या बैठकीवर बसतात. ओ-रिंगखाली अडकलेला एक कण तिला चरा पाडतो. म्हणून रेग्युलेटर नळकांड्यावरून काढताच त्याच्या तोंडावरची धूळटोपी पुसून, कोरडी करून घट्ट बसवणे हे पहिले काम. टोपी ओलीच बसवली तर तेच पाणी आत जाते.

दुसरी चूक याहून अधिक घडते. पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या टप्प्याचे मधले बटण, ज्याला पर्ज बटण म्हणतात, ते धुताना सहज दाबले जाते. दाबताच आतली झडप उघडते, आणि हवेचा दाब नसल्यामुळे बादलीतले पाणी नळीवाटे थेट पहिल्या टप्प्यापर्यंत चढते. धुण्यासाठी केलेली क्रियाच अशा वेळी नासाडी करते. ज्यांना बटण दाबून धुवायचेच असेल, त्यांनी रेग्युलेटर नळकांड्याला जोडलेला आणि हवा चालू असताना धुवावा.

सफर चालू असताना, म्हणजे एका दिवसात दोन-तीन वेळा उतरायचे असताना, नियम थोडा वेगळा होतो. स्फटिक बनतात ते पाणी वाळताना. त्यामुळे दोन उतरण्यांच्या मधल्या वेळात साधने होडीच्या फळीवर उन्हात तापत ठेवणे सर्वांत वाईट. गोडे पाणी असेल तर झटकन एक बुडी, नसेल तर निदान सावली आणि ओले फडके. संध्याकाळी मात्र नुसते पाणी शिंपडून भागत नाही. क्षार सांध्यांत, चेनींत, बकलांत मुरलेले असतात आणि ते विरघळायला वेळ लागतो. कोमट गोड्या पाण्यात साधने काही काळ भिजत ठेवणे हा जुना आणि अजूनही उत्तम मार्ग.

येथेच सामायिक टाकीची गंमत आहे. दहा जणांची साधने एकाच टाकीत धुतली की अकराव्याच्या वाट्याला येते ते जवळजवळ समुद्राचेच पाणी. म्हणून अनुभवी लोक क्रम पाळतात. आधी कॅमेरे आणि चष्मे, मग रेग्युलेटर, मग जाकीट, आणि वाळूने भरलेले बूट सर्वांत शेवटी. चष्म्याची काच धुरकट होऊ नये म्हणून तिच्यात थुंकण्याची पाणबुड्यांची रीत आणि वेटसूटमध्ये काय काय घडते ही सभ्य ग्रंथांतून वगळलेली माहिती, या दोन गोष्टी लक्षात घेतल्या की तोंडात धरायची वस्तू बुटांनंतर का बुडवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट, ज्याला बीसीडी म्हणतात, ते बाहेरून धुऊन अर्धेच काम होते. उतरताना-चढताना त्याच्या पिशवीत समुद्राचे पाणी शिरतेच. आत गोडे पाणी घालून, थोडी हवा भरून, ते सर्व बाजूंनी हलवून खालच्या झडपेतून काढावे लागते. आत राहिलेले क्षार वाळले की त्यांच्या धारदार कडा पिशवीला आतून घासतात. वाळवतानाही थोडी हवा भरून ठेवावी, म्हणजे दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत. वेटसूट जाड हँगरवर, सावलीत, आधी उलटा आणि मग सुलटा. तारेच्या हँगरवर टांगलेल्या सूटच्या खांद्यांना कायमची घडी पडते.

साधनांविषयी एवढे सविस्तर सांगण्याचे कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढच्या टप्प्यात कळते. भारतात सागरी पुरातत्त्वाचे पद्धतशीर काम उभे राहिले ते गोव्यात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्व केंद्र सुरू झाले. त्याची धुरा लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव यांच्याकडे आली. १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात शोध सुरू झाला आणि तेथून दगडी नांगर, बांधकामाचे दगड नोंदले जाऊ लागले. पुराणातली द्वारका सापडली की नाही, या वादावर समाजमाध्यमांत जितके लिहिले जाते त्याच्या शतांशही हे नांगर वर आणल्यावर त्यांचे काय करतात याविषयी लिहिले जात नाही.

ते करतात ते हेच : गोड्या पाण्यात बुडवतात. शतकानुशतके समुद्रात पडलेल्या वस्तूच्या छिद्राछिद्रांत क्षार मुरलेले असतात. वस्तू तशीच वाळू दिली तर क्षार पृष्ठभागाकडे येतात, तेथे त्यांचे स्फटिक वाढतात आणि ते वस्तूला आतून फोडतात. ही क्रिया मराठवाड्याला नवीन नाही. जुन्या मातीच्या भिंतीला पांढरा लोणा धरतो आणि गिलावा पापुद्र्यांनी गळतो, तेव्हा हेच घडत असते. कालव्याच्या पाण्याचा अतिवापर झालेली शेते क्षारपड होतात, तेथेही पाणी वर येते, उडते, आणि मीठ मागे राहते. फरक एवढाच की रेग्युलेटर बिघडला तर दुसरा विकत मिळतो. जहाजातला घडा फुटला तर तो पुरावाच संपला.

गोव्याच्या किनाऱ्याजवळील सुंची रीफ येथील बुडालेले जहाज हे याचे उत्तम उदाहरण. १९८८ मध्ये या स्थळाची माहिती मिळाली. सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराशी त्याचा संबंध जोडला जातो. तेथून तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मोठे रांजण आणि हस्तिदंत व पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा भारतात नाही. तो दात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेला, म्हणजेच हिंदी महासागराच्या व्यापाराची एक साखळीच त्या दातात आहे. आता विचार करावा : लोखंडी तोफ, मातीचे भांडे आणि दात या तिन्ही वस्तू एकाच दिवशी वर आल्या, तर तिघांची वागणूक वेगळी. दात वाळला तर थरथर सुटून चिरफाळतो, म्हणून तो ओलाच ठेवून अतिशय सावकाश क्षारमुक्त करायचा. लोखंड नुसत्या पाण्याने भागत नाही, त्याला अल्कधर्मी द्रावणात दीर्घकाळ ठेवून विद्युत्क्रियेने क्षार काढावे लागतात. भांडे मात्र गोड्या पाण्यात, ते पाणी पुनःपुन्हा बदलत.

पाणी कधीपर्यंत बदलायचे, याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. बादलीतले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. क्लोराइड असेल तर दुधासारखा पांढरा साका येतो. साका दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलत राहायचे. हे काम आठवड्यांत संपते, कधी महिने घेते, कधी त्याहूनही अधिक. समुद्रतळावरचा तासाभराचा शोध आणि त्यानंतरची ही प्रदीर्घ धुलाई, यांतला दुसरा भाग कोणत्याच माहितीपटात दिसत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

गोव्याच्याच सेंट जॉर्जेस रीफवरील अवशेषांत विटकरी मातीचे खांबांचे नक्षीदार शीर्षभाग आणि कौले मिळाली. कौलांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा ठसा आहे. १८६५ हे मंगळूरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष, जहाज बुडाल्याचे नव्हे. ठशावरचे साल थेट घटनेला चिकटवण्याची घाई टाळली पाहिजे, याचे ते एक उदाहरण. पण त्याआधी तो ठसा वाचता येण्याजोगा राहिला पाहिजे. भाजलेल्या मातीत मुरलेले मीठ जर पृष्ठभागच सोलून काढणार असेल, तर सर्वांत आधी जातात ती अक्षरेच.

गोव्याहून उत्तरेला सरकले की मालवण. आज महाराष्ट्रातील बहुतेकांचा स्कूबाशी पहिला परिचय येथेच होतो. १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य, तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने उभी केलेली प्रशिक्षण संस्था, आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी चालवलेल्या होड्या, असे हे चित्र आहे. पर्यटक पाण्यात उतरतात ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याच्या बांधकामाचा आरंभ झाला तो हा जलदुर्ग. कुरटे बेटाची जागा निवडताना खडक, खोली, आडोसा यांइतकेच महत्त्व गोड्या पाण्याला होते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या किल्ल्यातील तीन विहिरींची नावेच सांगतात की चहूकडे खारे पाणी असताना गोड्या घोटाची किंमत काय असते.

ती किंमत आजही उतरलेली नाही. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कर्ली नदीचे पात्र असलेल्या देवबागसारख्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यात जमिनीखालचे गोडे पाणी म्हणजे जड खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. दिवसाला अनेक पर्यटक आणि प्रत्येकामागे धुवायचा एक संच, हे गणित मांडले की साधने धुण्याची टाकी ही केवळ टापटिपीची बाब राहत नाही. ते गावाच्या विहिरीवर पडणारे ओझे आहे. विहिरीचे पाणीच मचूळ असेल, तर धुऊनही वस्तूवर पांढरट पूड उरते. त्यावर उपाय म्हणून शेवटचा एक हात साठवलेल्या चांगल्या पाण्याचा देणे एवढेच हाती राहते.

कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद होतो, आणि साधनांचा खरा शत्रू तेव्हा समोर येतो. मीठ नव्हे, बुरशी. दमट खोलीत घडी घालून ठेवलेला वेटसूट, पेटीत कोंबलेले जाकीट आणि वळसे घालून आवळलेल्या नळ्या हंगामाच्या आरंभी उघडल्या जातात तेव्हा चुका दिसतात. नळी जेथे धातूला जोडते तेथे ती वाकवून ठेवली तर रबर तेथेच चिरते. ओ-रिंगला सिलिकोन ग्रीसचे नाममात्र बोट, तेही फक्त योग्य जागी. शिलाई यंत्राचे किंवा खोबरेल तेल तेथे अजिबात चालत नाही. दाबाखालच्या हवेजवळ, विशेषतः प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या मिश्रणाजवळ, तेल म्हणजे आगीला निमंत्रण. कातड्याच्या काळात जे तेल जीव वाचवीत होते, ते येथे घातक ठरते.

नळकांड्याची गोष्ट वेगळी, कारण तिच्यात कायदाही येतो. भारतात दाबाखालच्या वायूची नळकांडी २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्यांचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. नळकांड्याची ठराविक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते आणि चाचणीची तारीख त्याच्या अंगावर कोरलेली असते. ती वाचणे ही पाणबुड्याच्या हिताची सवय आहे. घरी करण्याजोगे काम त्यापेक्षा साधे : नळकांडे कधीही पूर्ण रिकामे करू नये. आत थोडा दाब राहिला तर बाहेरचा दमटपणा शिरत नाही. पोलादी नळकांड्यात ओल शिरली तर गंज चढतो, आणि गंजण्याची क्रिया आतला प्राणवायू खाते. दीर्घकाळ पडून राहिलेल्या अशा नळकांड्याचा दाबमापक पूर्ण भरलेले दाखवतो, हवा वासालाही चांगली लागते, आणि तिच्यात श्वासाला पुरेसा प्राणवायू नसतो.

येथून पुन्हा बीडकडे वळावे लागते. धरणाच्या पाण्यात मीठ नाही, म्हणून साधने धुवायची गरज नाही, असा एक सोयीस्कर समज आहे. माजलगावसारख्या जलाशयात मिठाच्या जागी गाळ असतो. काळ्या मातीचा तो गाळ इतका बारीक असतो की झडपांच्या खोबणीत सिमेंटसारखा बसतो. शेवाळ असते, मासेमारीच्या जाळ्यांचे तंतू असतात. आणि पर्यटनाच्या संचाला नसलेला एक धोका बचावपथकाच्या संचाला असतो : न वापरण्याचा. मालवणचा रेग्युलेटर हंगामात रोज पाण्यात जातो, त्यामुळे त्याचा दोष रोज दिसतो. आपत्तीसाठी ठेवलेला संच अनेक महिने कपाटात पडून राहतो आणि एका सकाळी अचानक त्याच्यावर माणसाचा श्वास सोपवला जातो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते कपाट पत्र्याच्या खोलीत असेल तर रबराचे आयुष्य झपाट्याने घटते. ऊन, उष्णता आणि विजेच्या मोटारींजवळ तयार होणारा ओझोन, हे तिन्ही रबराला ठिसूळ करतात. तोंडात धरायच्या भागाला बारीक चिरा पडल्या आहेत का, हे नळीला थोडा बाक देऊन आणि मुखपट्टी ताणून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून कपाटातल्या संचाची पाहणी तारखेनिशी नोंदवहीत लिहिण्याची पद्धत आवश्यक ठरते. कोणी धुतले, कोणी वाळवले, कोणती ओ-रिंग बदलली, नळकांड्यात किती दाब होता. सीबेच्या काळातल्या मदतनिसांची नावे राहिली नाहीत. निदान या वहीच्या रकान्यात ते नाव लिहावेच लागते.

आणि पाणी? २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा त्या शहराला पाणी देणारे बीड जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. अशा वर्षी पाणबुड्यांना उतरायला जलाशयच उरत नाही. पण टँकरच्या दिवसांतही विहिरी-तलावांच्या उरल्यासुरल्या डोहांत माणसे बुडतात, आणि शोधाला उतरणाऱ्याचा चिखलाने माखलेला संच त्यानंतर धुवावा लागतोच. त्यासाठी फार पाणी लागत नाही. एका बादलीत आधी रेग्युलेटर, टोपी घट्ट बसवून आणि बटण न दाबता. त्याच पाण्यात मग जाकीट, शेवटी बूट. उरलेले गढूळ पाणी झाडाच्या आळ्यात ओतता येते. समुद्रावरच्या बादलीतले पाणी तसे ओतता येत नाही, त्याने झाड मरते.